मडके टांगल्यावर पूरक खाद्य नाकारणारी बजरीगर मादी : दर हंगामातील अडचण आणि तिचा उलगडा

पावसाळा सरला आणि दसऱ्याच्या सुमारास हवा कोरडी होऊ लागली की सांगली-मिरज परिसरातील अनेक घरांत बजरीगरांच्या, म्हणजे छोट्या रंगीत पाळीव पोपटांच्या, पिंजऱ्यांना घरट्यासाठी मडकी टांगली जातात, आणि त्यानंतर तीन-चार आठवड्यांत ठरलेली तक्रार कानावर येऊ लागते. कॅल्शियमची बाटली आणली, पाण्यात थेंब टाकले, दाण्यांवर भुकटी शिंपडली, तरीही मादीने पातळ कवचाचे अंडे घातले. पुढच्या विणीत तर अंडे अडकलेच. माझ्याकडे सांगलीच्या विश्रामबाग भागातील घराच्या गॅलरीत बजरीगरांच्या सहा जोड्या आहेत आणि सलग तीन हंगाम मी हीच अडचण सोसली आहे. तिसऱ्या हंगामात एक पिवळी मादी अंडे अडकून रात्रीत गेली. तिच्या पिंजऱ्यात त्या वेळी महागडी बाटली, भुकटीचा डबा आणि समुद्रफेनाचा (कटलफिश या समुद्री जीवाच्या अंगातील, कॅल्शियमने भरलेल्या कवचाचा) तुकडा या तिन्ही गोष्टी होत्या, पण तिच्या पोटात त्यांतले काहीच गेले नव्हते. हे उशिरा कळले, म्हणून ज्या क्रमाने कळले त्याच क्रमाने येथे लिहीत आहे.

आधी नावाचा एक घोळ दूर करायला हवा. आपल्याकडे दुकानात ज्यांना सरसकट ‘लव्हबर्ड’ म्हणतात ते बहुतेक वेळा ऑस्ट्रेलियातील बजरीगर असतात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतील असून ते आकाराने थोराड आणि आखूड शेपटीचे असतात. पुढील मजकूर बजरीगरांना धरून लिहिला आहे. त्यातील बराचसा भाग कॉकटेल (कॉकटील) या तुरेवाल्या लहान पोपटालाही लागू पडतो. जेथे फरक आहे तेथे तसे नमूद केले आहे.

पक्षी खरोखर नाकारतो आहे, की त्याच्यापर्यंत काही पोहोचतच नाही?

बजरीगर दाणा अखंड गिळत नाही. तो दाणा चोचीत फिरवतो, जिभेने टरफल सोडवतो, ते बाहेर टाकतो आणि आतला गर तेवढा खातो. आपण राळ्यावर किंवा बाजरीवर शिंपडलेली कॅल्शियमची आणि जीवनसत्त्वांची भुकटी बसते ती टरफलावर, आणि टरफलाबरोबर ती पिंजऱ्याच्या तळाशी जाते. पक्षी भुकटी नाकारत नसतो. त्याच्या खाण्याच्या रीतीमुळे ती आपोआप बाहेर पडत असते. संध्याकाळी तळाचा कागद काढून उन्हात धरावा. फोलपटांवर पांढरा थर दिसला की दिवसभराचा आपला खटाटोप कोठे गेला हे स्पष्ट होते. मी हा कागद प्रथम पाहिला तो तिसऱ्या हंगामात, आणि तोवर दोन वर्षे त्याच कागदाची रोज घडी घालून तो टाकून देत होतो.

फोलपटांचा दुसरा धोका याहून मोठा आहे. दाण्यांची वाटी वरून भरलेली दिसते, पण वरचा सगळा थर नुसत्या टरफलांचा असू शकतो. रोज सकाळी वाटीवर हलकी फुंकर घालून फोलपटे उडवावीत आणि खाली दाणा किती उरला आहे ते पाहावे. मादी पूरक खाद्य खात नाही असे वाटत असताना ती प्रत्यक्षात अर्धपोटी असते, असे मी एकाहून अधिक घरांत पाहिले आहे.

पाण्यातील थेंबांची गोष्ट वेगळी आहे. बजरीगर मूळचा कोरड्या प्रदेशातील पक्षी असल्यामुळे दिवसाला जेमतेम काही मिलिलिटर पाणी पितो, आणि पाण्याचा रंग किंवा चव बदलली तर तेवढेही पिणे कमी करतो. शिवाय पाण्यात विरघळलेली जीवनसत्त्वे प्रकाश आणि उष्णता यांमुळे काही तासांतच नासू लागतात, आणि औषधात साखर असेल तर त्याच पाण्यात जंतू वाढतात. पक्षी ते पाणी पितो की नाही हे तपासण्याचा सोपा उपाय असा, की सारख्याच दोन वाट्यांत ५०-५० मिलिलिटर पाणी मोजून घ्यावे, एक पिंजऱ्यात ठेवावी आणि दुसरी पिंजऱ्याबाहेर, पण शेजारीच ठेवावी. संध्याकाळी सुईविना सिरिंजने दोन्ही वाट्यांतील पाणी मोजावे. बाहेरच्या वाटीतील घट ही नुसत्या वाफेची असते, आणि सांगलीच्या मार्च-एप्रिलमधील उन्हात ती थोडी नसते. ती वजा केल्यावर उरते ते पक्ष्यांनी प्यायलेले पाणी. माझ्या एका जोडीने औषधाच्या दिवशी पाणी जवळजवळ प्यायलेच नव्हते. अंड्यावर आलेल्या मादीला तहानलेली ठेवणे हे कॅल्शियम न देण्याइतकेच घातक असल्याने त्यानंतर मी पिण्याच्या पाण्यात काहीही मिसळणे पूर्णपणे बंद केले.

अडचणीचे मूळ : आपण उशिरा सुरुवात करतो

बजरीगर मादीचे वजन साधारण ३५ ग्रॅम असते आणि तिचे एक अंडे सुमारे २ ग्रॅमचे. ती एका आड एका दिवसाने चार ते सहा अंडी घालते. पाच अंडी धरली तरी नऊ-दहा दिवसांत तिच्या वजनाच्या पावहिश्शाहून अधिक भार तिच्या शरीरातून बाहेर पडतो आणि प्रत्येक अंड्याचे कवच जवळजवळ सगळेच कॅल्शियम कार्बोनेटचे असते. इतके कॅल्शियम रोजच्या दाण्यांतून मिळणे शक्य नाही. १०० ग्रॅम राळ्यात कॅल्शियम साधारण ३० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस मात्र ३०० मिलिग्रॅमच्या आसपास असते. बाजरीचे प्रमाणही फारसे निराळे नाही. शरीराला हवे असते ते याच्या उलट प्रमाण, म्हणजे फॉस्फरसच्या सुमारे दुप्पट कॅल्शियम.

निसर्गाने यावर योजलेला उपाय असा, की अंडी घालण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून मादीच्या हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा एक तात्पुरता साठा तयार होतो आणि कवच बनताना तो वापरला जातो. आता आपली पद्धत पाहावी. आपण मडके टांगतो, मादी आत-बाहेर करू लागते, पहिले अंडे दिसते आणि मग आपण दुकानात जाऊन बाटली आणतो. ज्या काळात साठा व्हायचा तो काळ निघून गेलेला असतो. त्यातच, मडके मिळालेली मादी घरट्याच्या राखणीत इतकी गुंतलेली असते की वाटीत आलेली कोणतीही अनोळखी वस्तू ती संशयाने पाहते. एरवी चार दिवसांत कोथिंबीर स्वीकारणारी मादी या काळात पंधरा दिवस तिला चोच लावत नाही.

म्हणून माझ्या अनुभवातून निघालेला एकच नियम मी आग्रहाने सांगतो : मडके सर्वांत शेवटी टांगावे. जोडीतील नर आणि मादी दोघेही ओले पूरक खाद्य रोज, न चुकता, कोणत्याही युक्तीविना खाऊ लागल्यानंतर किमान तीन आठवडे जाऊ द्यावेत आणि मगच पिंजऱ्यात मडके यावे. शिकवणीला चार-सहा आठवडे लागतील असे धरून मी गणपती बसतात त्या सुमारास सुरुवात करतो. दसऱ्यापर्यंत एखादी जोडी तयार झाली नाही, तर त्या जोडीला मडके दिवाळीनंतर मिळते किंवा त्या वर्षी मिळतच नाही.

ओले खाद्य कसे करावे आणि हट्टी पक्ष्याला त्याची गोडी कशी लावावी

भुकटी दाण्यावर टिकत नाही, ओल्या खाद्याला मात्र ती चिकटते. एक अंडे १२ ते १५ मिनिटे चांगले उकडून कवचासह बारीक कुस्करावे, त्यात किसलेले गाजर, बारीक चिरलेली शेवग्याची कोवळी पाने आणि मीठ न घातलेल्या ज्वारीच्या भाकरीचा वाळवलेला चुरा मिसळावा. मिश्रण भुरभुरीत झाले पाहिजे. चोचीला चिकटणारा लगदा बहुतेक पक्षी टाळतात. एका जोडीला दिवसाला चहाचा एक सपाट चमचा पुरतो. पिल्ले निघाल्यावर ते मागतील तसे वाढवावे. उरलेले अंड्याचे खाद्य दोन तासांत काढून टाकावे आणि उन्हाळ्यात त्याहूनही आधी, कारण ते डोळ्यांना दिसण्यापूर्वीच नासलेले असते.

भाजीची निवड करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पालक, माठ आणि चाकवत या भाज्यांत ऑक्झलेट पुष्कळ असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. विणीच्या काळात त्या टाळाव्यात. शेवगा आणि कोथिंबीर उत्तम. दाण्यांत नाचणीला विशेष स्थान द्यावे असे मला वाटते, कारण १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असते, म्हणजे राळ्याच्या दहापटीहून अधिक. मोड आणलेली नाचणी माझे पक्षी कोरड्या नाचणीपेक्षा लवकर स्वीकारतात. मात्र मोड आणताना दिवसातून दोन-तीन वेळा धुवावे आणि आंबट वास आला की ती सगळी फेकावी. भाजी मंडईतून आणलेली असो वा तासगावकडच्या एखाद्या मळ्यातून भेट आलेली असो, ती नीट धुतल्याशिवाय पिंजऱ्यात देऊ नये. द्राक्षबागेच्या बांधावरील पाला तर मी धुऊनही देत नाही, कारण बागेवरील फवारणीचा अंश इतक्या लहान जिवाला पुरेसा असतो.

आता शिकवण्याविषयी. बजरीगर चवीपेक्षा आकार, रंग आणि जागा यांना अधिक बिचकतो. म्हणून पहिला आठवडा नवी वाटी आणू नये. जी वाटी तो दाण्यासाठी वापरतो तिच्यासारखीच दुसरी वाटी, त्याच जागी, सकाळी उजाडताच ठेवावी, कारण भूक सर्वांत जास्त तेव्हाच असते. त्यात ओले खाद्य अगदी थोडे आणि वर भरपूर राळे पसरलेले असावे. दाणा टिपताना चोच ओल्याला लागते आणि तीन-चार दिवसांत भीती मोडते. पुढे रोज थोडा दाणा कमी करावा. राळ्याचे अखंड कणीस मिळाले तर ते ओल्या खाद्यात खोचून उभे करावे; माझ्याकडील सर्वांत हट्टी निळ्या नराने हार मानली ती या कणसापुढे.

काही पक्षी वाटीकडे फिरकत नाहीत, पण पाण्याने निथळणारी कोथिंबिरीची जुडी पिंजऱ्याच्या छताला टांगली की तिच्यात अंग घुसळून अंघोळ करतात आणि करता करता पाने कुरतडतात. अशा पक्ष्यासाठी जुडीच्या ओल्या पानांवरच कॅल्शियमची साधी भुकटी भुरभुरावी. शेजारच्या पिंजऱ्यात आधीपासून ओले खाद्य खाणारी जोडी असेल, तर दोन्ही वाट्या समोरासमोर येतील असे पिंजरे लावावेत. बजरीगर थव्याने राहणारा पक्षी असल्यामुळे शेजारी जे खातो त्यावर त्याचा विश्वास बसतो, आणि या एका बदलाने माझ्याकडील दोन जोड्या आठवड्याभरात वळल्या.

उपाशी ठेवून शिकवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मी त्याच्या पूर्णपणे विरोधात आहे. अंडी किंवा पिल्ले नसलेल्या धडधाकट जोडीला सकाळचा दाणा तास-दीड तास उशिरा देणे येथपर्यंत ठीक आहे, त्यापुढे नाही. या काळात एक ग्रॅमपर्यंत अचूक असणाऱ्या स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर पक्षी दर दोन दिवसांनी मोजावा. ३५ ग्रॅमची मादी ३२ वर आली तर शिकवणी थांबवून तिला नेहमीचा दाणा भरपूर द्यावा. विष्ठा कमी, गडद हिरवी आणि कोरडी दिसू लागली तर वजनाची वाटही पाहू नये.

मादी ऐकत नसेल तर नराकडून

हा भाग मला सर्वांत उशिरा सुचला आणि सर्वांत उपयोगी पडला. बजरीगरांत अंडी उबवण्याचे काम एकटी मादी करते. सुमारे १८ दिवस ती मडक्यातून विष्ठेपुरतीच बाहेर येते, आणि नर आपल्या पोटातील खाद्य बाहेर काढून तिला भरवतो. त्यामुळे मडके लागल्यावर मादीच्या आहाराचा मोठा भाग नराने काय खाल्ले यावर ठरतो. आपण सगळे लक्ष मादीच्या नखऱ्यांकडे देतो आणि नराला नुसत्या राळ्यावर ठेवतो, हीच चूक आहे. जोडी जुळवण्याआधी नराला वेगळ्या पिंजऱ्यात ओले खाद्य शिकवावे. नर तयार असेल तर थोडी हट्टी मादीही निभावून जाते. कॉकटेलमध्ये नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात, बहुधा दिवसा नर आणि रात्री मादी, त्यामुळे तेथे मादीला स्वतः खाण्यास सवड मिळते आणि दोघांनाही सारखेच शिकवावे लागते.

कॅल्शियम खाऊनही उपयोग होत नसेल तर

मादी समुद्रफेन आवडीने कुरतडते, ओले खाद्यही खाते आणि तरीही कवच पातळच येते, अशा वेळी ‘ड’ जीवनसत्त्वाचा विचार करावा. त्याविना आतड्यांतून कॅल्शियम रक्तात पुरेसे उतरत नाही, आणि ते शरीरात तयार होण्यासाठी उन्हातील अतिनील किरण थेट अंगावर पडावे लागतात. खिडकीची काच हे किरण अडवते. बंद काचेआड ठेवलेला पिंजरा प्रकाशाने कितीही उजळलेला असला तरी या दृष्टीने अंधारातच असतो. कोवळ्या उन्हात रोज अर्धा तास पिंजरा उघड्यावर ठेवावा, त्याचा निम्मा भाग कापडाने झाकून सावली ठेवावी, आणि मांजर व कावळा यांच्यापासून राखण करायला कोणीतरी जवळ बसून राहावे.

ज्यांना ऊन देणे शक्य नाही त्यांनी ‘ड-३’ (‘ड’ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) असलेले पूरक औषध पशुवैद्यकाने सांगितलेल्या मात्रेत द्यावे, पण येथे हात आखडता हवा. साधे समुद्रफेन किंवा दहा मिनिटे उकळून, वाळवून कुटलेली अंड्याची टरफले वेगळ्या वाटीत कायम ठेवण्यास हरकत नाही. गरज असलेली मादी ती स्वतःहून अधिक खाते आणि गरज संपली की सोडते. ‘ड-३’चे तसे नाही. ते शरीरात साठते आणि अतिरेक झाल्यास मूत्रपिंडांत कॅल्शियमचे थर बसतात. दोन वेगवेगळ्या बाटल्यांत तेच जीवनसत्त्व असते आणि आपण दोन्ही देत राहतो, हा प्रकार फार सर्रास घडतो. पशुखाद्याच्या दुकानात कोंबड्यांसाठीचे द्रव कॅल्शियम सहज मिळते. त्यावरील मात्रा दीड-दोन किलोच्या कोंबडीसाठी असते आणि आपला पक्षी तिच्या सुमारे पन्नासाव्या हिश्शाचा असतो. माणसांच्या कॅल्शियमच्या गोळ्या कुटून देणे याच कारणाने धोक्याचे आहे. पानाच्या डब्यातील चुना पाण्यात कालवून देण्याची जुनी सवयही सोडावी, कारण तो दाहक असतो आणि चोचीच्या आतील नाजूक त्वचा व अन्ननलिका पोळू शकतो.

प्रत्येक बिघाडाचे खापर आहारावर फोडू नये, हेही सांगायला हवे. पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना फाकणे हे मुडदुसामुळे होते, तसेच गुळगुळीत तळाच्या मडक्यात लाकडाचा भुसा न घातल्यामुळेही होते. अंडी फळत नसतील तर आधी बसण्याची काठी हलते का ते पाहावे, कारण हलत्या काठीवर जोडीचा मिलाप नीट होत नाही. पावसाळ्यात साठवलेल्या दाण्याला बुरशीचा वास येत असेल, तर कोणतेही पूरक खाद्य त्याची भरपाई करू शकत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा पूर शहरात शिरला तेव्हा माझे राळ्याचे पोते तळाशी ओले झाले होते. ते वाळवून वापरण्याचा मोह मी टाळला, याचे मला आजही समाधान आहे.

अंडे अडकल्यास

मादी पिसे फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली आहे, शेपटी श्वासागणिक वर-खाली होते आहे, ती कुंथते आहे किंवा तिचे पाय लुळे पडले आहेत, अशी लक्षणे दिसली तर खाद्याचे सगळे प्रयोग बाजूला ठेवावेत. तिला लहान खोक्यात, ३० ते ३२ अंश ऊब आणि थोडा ओलावा राहील अशा शांत, अंधाऱ्या जागी ठेवून तातडीने पशुवैद्यकाला फोन करावा. पोट दाबू नये; आत फुटलेले अंडे जिवावर बेतते. गुदद्वारात किंवा चोचीत एरंडेल घालू नये; चोचीत घातलेले तेल श्वासनलिकेत जाऊ शकते. तासा-दोन तासांत अंडे बाहेर न आल्यास तिला कॅल्शियमच्या इंजेक्शनची गरज असते आणि ते काम घरी होणारे नाही. सातारा जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पण अडलेली मादी घेऊन सांगलीहून इतक्या लांब निघण्यात मोलाचा वेळ जातो. आपल्या गावात पक्षी तपासणारे पशुवैद्यक कोण आहेत आणि ते रात्री फोन घेतात का, याची चौकशी मडके टांगण्यापूर्वी करून ठेवावी. मी ती केली नव्हती. त्या रात्री मी चार ठिकाणी फोन लावले, आणि जनावरे पाहतो, पक्षी नाही, हेच उत्तर चारही वेळा मिळाले.

वाचलेल्या मादीला त्या हंगामात पुन्हा विणीवर घेऊ नये. मडके काढावे, नराला शेजारच्या पिंजऱ्यात हलवावे आणि पिंजऱ्यावर संध्याकाळी लवकर कापड टाकून उजेडाचे तास नऊ-दहांवर आणावेत. निरोगी जोडीच्याही मी वर्षातून दोन विणींच्या पुढे जात नाही. दुसऱ्या विणीतील पिल्ले स्वतः दाणे फोडू लागली की मडके उतरते, पण ओल्या खाद्याची वाटी उतरत नाही. फक्त त्यातील अंडे बंद होते, आणि गाजर, शेवगा व मोडाची नाचणी आठवड्यातून तीन दिवस पुढच्या गणपतीपर्यंत चालू राहते, म्हणजे नवी शिकवणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागत नाही.